बाबांच्या नावावर

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती. आईला तर नाहीच. पोटच्या पोरीलाही नाही. लग्नाआधीची एक मैत्रीण होती, जिला मी सगळं सांगायचे — अगदी नको तेसुद्धा — तिलाही ही एक गोष्ट कधी कळली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना, चार ओळी झाल्या आणि माझं आपलं नमनालाच घडाभर तेल.

आधी चांगलं सांगते. स्वतःबद्दल चांगलं सांगायला मला नेहमीच आवडतं — तोही एक दोषच म्हणा. मी बेचाळीस वर्षांची आहे. माझ्याकडे कुठलीही पदवी नाही. बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्धवट सुटलं, ते सुटलंच. आणि आता मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जाणार आहे. हो, बरोबर वाचलंत. रायपूरच्या शंकर नगरात एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी कितीतरी वर्षं काउंटरवर बसत होते. पेशंटचं नाव लिहायचं, नंबर लावायचा, डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी होईस्तोवर त्यांना बाकावर बसवून ठेवायचं, "अम्मा, डोळे बंद ठेवा" असं दर पाच मिनिटांनी ओरडायचं. त्या काउंटरवरून उठून मी परीक्षेला बसले, आणि राज्यातल्याच एका सरकारी कॉलेजात मला सीट मिळाली.

ही बातमी ऐकली की आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो — "बापानं अडवलं नसतं त कवाचीच डॉक्टर झाली असती पोट्टी." आणि मी? मी मान खाली घालते. मान खाली घालणं फार सोयीचं असतं. त्याचा ज्याला जो अर्थ लावायचा तो लावता येतो.

आमच्या वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातला एक फिटर, भंडाऱ्याकडून रायपूरला आलेला. त्याची एकुलती एक पोरगी, हुशार. दहावीला वस्तीत पहिली, बारावीला पहिली. मेडिकलच्या परीक्षेचा दिवस उजाडला आणि ऐन वेळी बाप म्हणाला, नाही. बसायचं नाही. पोरीनं निमूट ऐकलं. पुढे लग्न झालं, शिक्षण संपलं. बिचारी.

हा 'बिचारी' शब्द मी किती वर्षं अंगावर घालून मिरवला, काय सांगू! लग्नकार्यात, बायकांच्या बैठकीत, दवाखान्यातसुद्धा. नवी डॉक्टरीण मॅडम आली की कुणीतरी तिला हळूच सांगायचं, आमची संगीता पण झाली असती हो. मॅडम माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायच्या. मला ती नजर आवडायची.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्या काळी कित्येक बाप नाही म्हणायचे. खरं आहे. दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट चहाबरोबर संपली असती. पण आमचं घर बौद्ध. आमच्याकडे शिक्षण ही आवडीनिवडीची बाब नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं एक वेळ जेवून पोरांना शाळेत घातलं. विहारात लहान पोर धड वंदना म्हणायला शिकायच्या आधी शाळा बुडवायची नाही हे शिकतं. आमच्यात बाप दारू प्यायला तर लोक समजावतात, ओरडतात, शेवटी माफ करतात. पण पोरीचं शिक्षण तोडलं — ह्याला माफी नाही.

आणि माझे बाबा कोण होते? जयंतीच्या दिवशी विहारात पोरांना बक्षिसं देताना बोलायला उभे राहायचे ते बाबा. एखाद्याची पोरगी आठवीत शाळा सोडून घरी बसली की तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन ठाण मांडायचे तेही बाबाच. चहा घ्यायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत. "पोरीले शाळेत पाठवीन म्हण, मंग उठतो." असा माणूस. आणि त्यानं स्वतःच्या पोरीला अडवलं — लोकांना राग येणार नाही तर काय?

त्यानंतर आलेल्या जयंतीला बाबा नेहमीसारखे माईकसमोर गेले. बायकांच्या बाजूनं शशिकलामावशी बसल्या जागेवरून मोठ्यानं बोलल्या, "भाऊ, आधी सोताच्या घरातलं पाहा." शशिकलामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या, मनानं चांगली बाई, पण जीभ म्हणजे सुरी. बाबा थांबले. माईक ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. पुढे त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही. तेही कुणाच्या ओट्यावर जाऊन बसले नाहीत — कोणत्या तोंडानं बसणार? त्यानंतर वस्तीतल्या किती पोरी शाळा सोडून घरी राहिल्या असतील? मी हा हिशेब करायला कधी धजले नाही.

मी त्या दिवशी मावशींच्या मागेच बसले होते. सतरंजीचे धागे उपटत.

आता वयाबद्दल सांगते, म्हणजे मी परीक्षेला बसले कशी ते कळेल. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला वयाची वरची अट असायची, ती उठली. आमच्या घरी ही बातमी दिलीपनं आणली. दिलीप माझा नवरा. रायपूरजवळ उरल्याला, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतो. शिफ्ट संपवून आला की कानाच्या पाळीमागेसुद्धा काळी धूळ असते. हातपाय न धुताच म्हणाला, "आता काहून थांबून राहिली तू? आता त कोणी अडवणारं नाही." आमची रिया तेव्हा शाळेत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. ती टाळ्या पिटत म्हणाली, "मम्मी, अब तो नानाजी भी मना नहीं कर सकते!"

खरं सांगू? माझ्या पायाखालची जमीन सरकली. इतकी वर्षं 'अडवलं होतं' हे माझं उत्तर होतं. आता अडवणारा कुणी उरलाच नाही, तर मी नाही कशी म्हणू? नाही म्हटलं तर कुणाच्या तरी डोक्यात येईल — मग तेव्हा तरी...? चोराच्या मनात चांदणं. मी घाबरून हो म्हटलं. लोक म्हणतात, काय जिद्द आहे बाईची! जिद्द कसली. मी माझ्याच खोट्याच्या कात्रीत सापडले होते.

पण गंमत पाहा, घाबरून सुरू केलेला अभ्यास मला आवडायला लागला. दुपारी दवाखाना बंद असायचा, बाकं रिकामी, पंखा चालू. मी काउंटरमागे मोबाईल टेकवून ऑनलाइन क्लास ऐकायचे. शिकवणारा सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल, आणि दर दोन वाक्यांनी म्हणायचा, "समझ में आया, बच्चों?" मी रिकाम्या दवाखान्यात मोठ्यानं म्हणायचे, "हव सर." डोळ्याचा धडा आला तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या. बाहुली का मोठी होते हे मला आता कळत होतं. इतकी वर्षं मी नुसते थेंब टाकत होते.

फिजिक्सनं मात्र रडवलं. रिया कॉमर्सवाली, तिला विचारून उपयोग नव्हता. एकेक गणित तीन-तीनदा, चार-चारदा. कधी सुटायचं, कधी नाही. आणि पहिल्या वर्षी मी आपटले. साधीसुधी नाही, सपशेल. मार्क इतके कमी की रियानं मोबाईल माझ्या हातून काढून घेतला आणि उलटा करून ठेवला. मी वाट पाहत बसले — आता काय होतंय. आणि काहीच झालं नाही हो! आभाळ पडलं नाही. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप कोपऱ्यावरून पोहे आणि जलेबी घेऊन आला, म्हणाला, "हव, त पुढच्या वर्षी बस." झालं. एवढंच. नापास झाल्यावर माणूस मरत नाही, उलट त्याला जलेबी मिळते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

पोह्याचा घास तसाच तोंडात राहिला. दिलीप जे म्हणाला, ते मला अगदी त्याच शब्दांत आधी कुणीतरी म्हणालं होतं. मी ऐकलं नव्हतं.

बरं. आता आलंच आहे तोंडापर्यंत, तर सांगून टाकते.

माझ्या अठराव्या वर्षी परीक्षेचं सेंटर होतं बूढ़ापारा भागातल्या एका शाळेत. आई भंडाऱ्याला गेली होती, मामी बाळंत झाली होती म्हणून. बाबांनी रजा काढली. मला लुनावर मागे बसवून वेळेच्या बरंच आधी घेऊन आले. आम्ही शाळेसमोरच्या बूढ़ा तलावाच्या कठड्यापाशी उभे राहिलो. बाबांनी नवं पेन आणलं होतं — दोन आणली होती, एखादं ऐन वेळी चाललं नाही तर. सकाळी दाढी करून, जयंतीला घालायचा तो पांढरा शर्ट घातला होता. परीक्षा त्यांचीच असल्यासारखे सारखे पाणी पीत होते.

आणि मला काही येत नव्हतं.

हे सत्य. वर्षभर मी पुस्तकासमोर बसले होते, वाचलं नव्हतं. पान उघडायचं, नजर ओळींवरून फिरवायची, आत काही जायचं नाही. बारावीपर्यंत घोकून भागलं, इथे घोकून भागत नव्हतं. हे मला हिवाळ्यातच कळून चुकलं होतं. कुणाला सांगितलं? नाही. विहारात लोक मला आधीपासूनच डॉक्टरीण म्हणायला लागले होते. आपल्या वस्तीतली पहिली! त्यांना काय सांगायचं — की तुमच्या डॉक्टरणीला साधं एक गणित सुटत नाही?

पोरं-पोरी गेटातून आत जायला लागली. बाबा म्हणाले, जाय. मी गेले नाही. म्हणाले, मी नाही बसत, मी नापास होईन, सगळे हसतील. आणि रडायला लागले. बाबांनी किती समजावलं! रागावले नाहीत, ओढलं नाही. "झाली नापास त पुढच्या वर्षी बस. मी तुले एका शब्दानं बोलणार नाही." मी कठडा दोन्ही हातांनी धरून बसले. घंटा झाली. गेट बंद झालं.

मग मी काय बोलले ते ऐका. इतकी वर्षं मला ते वाक्य आठवतंय. मी म्हणाले, "आता लोकायले काय सांगू?" वर्ष वाया गेलं त्याचं काही नाही. आईला काय वाटेल त्याचं नाही. बाबांच्या त्या पांढऱ्या शर्टाचं तर नाहीच नाही. लोकांना काय सांगू!

बाबा बराच वेळ तलावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांग, बापानं नाही म्हटलं. माह्या नावावर टाक. चार दिवस बोलतीन, मंग विसरतीन."

बाबांनी ते मला चार दिवसांसाठी दिलं होतं. मी ते अर्धं आयुष्य वापरलं.

तर हा माझा गुन्हा. माझ्या बाबांनी मला अडवलं नाही. मी भ्याले, आणि भित्री म्हणवून घ्यायचं नव्हतं म्हणून बापाला पुढे केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून वर हात बाबांचा. आणि त्याहून लाजिरवाणं सांगू का? काही वर्षांनी माझाच त्या गोष्टीवर विश्वास बसायला लागला. बाबांवर मी कधीकधी खरोखरच चिडायचे. खरोखर! त्यांनी जरा जोर केला असता, मला ओढत आत नेलं असतं, तर — असं काहीबाही. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

आई भंडाऱ्याहून परतली ती शेजारच्या दारातच सगळं ऐकून घरात आली. माझी आई चौथीतून शाळा सुटलेली. मला डॉक्टर करायचं हे तिचं एकच वेड होतं. माझ्या जन्माआधीपासूनचं म्हटलं तरी चालेल. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. बाबांना विचारलं, "तुमी नाही म्हटलं?" बाबा म्हणाले, "हो." मी स्वयंपाकघरात होते. दोन पावलं टाकून बाहेर यायचं होतं फक्त. मी भांडी घासत राहिले.

त्यानंतर आई बाबांशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्यांना विचारणंच सोडून दिलं. घरात पंखा घ्यायचा असो की माझं लग्न ठरवायचं असो, ती मला विचारायची, तिच्या भावाला फोन करायची, बाबांना नाही. त्यांचं ताट वाढायची, समोर बसायची नाही. बाबा शिफ्टचा डबा उचलायचे आणि जायचे. एका छताखाली दोन माणसं अशी किती वर्षं राहिली, आणि त्या दोघांच्या मधोमध मी — सगळ्यांची लाडकी, बिचारी.

आई शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती, तेव्हा वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण यायची. सावळी, हसरी, आपल्यातलीच वाटायची. ती नाडी बघायला वाकली की आई दरवेळी तिला सांगायची, "माह्यी पोरगीबी झाली असती." आणि मान वळवून बाबांकडे पाहायची. बाबा सलाईनच्या बाटलीकडे बघत राहायचे. मी पलंगाच्या ह्या बाजूला उभी. आईचा हात माझ्या हातात. तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायला काय झालं होतं? आई, अगं तो माणूस खोटं बोलला, माझ्यासाठी बोलला — एवढंच वाक्य. मी ते मनात कितीदा जुळवलं. मग म्हणायचे, आज तिला ताप आहे, उद्या सांगू. आई तसाच राग मनात घेऊन गेली. हे मी दुरुस्त करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला गेले. गेटावर तपासणाऱ्या पोलीसबाईनं मला हात करून अडवलं, "गार्जियन उधर, पेड़ के नीचे." मी म्हटलं, मॅडम, परीक्षा माझीच आहे. तिनं माझा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि हसून म्हणाली, "जाओ दीदी, फाड़ के आना." भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, अठराव्या वर्षाइतकीच वाटत होती. पण ह्या वेळी मी अभ्यास केला होता, आणि आपटून पाहिलं होतं. आत गेले. फिजिक्सची काही गणितं सोडून दिली, बाकीची सोडवली. पेपर चांगला गेला. निकाल लागला, सीट मिळाली, आणि वस्तीत एकच गलका झाला.

विहारात सत्कार ठेवला. अध्यक्षकाका बोलले — "बापानं अडवलेली पोरगी, पण तिनं हार नाही मानली." टाळ्या. बाबा मागच्या रांगेत बसले होते, टाळ्या वाजवत. मला शाल दिली आणि रिवाजाप्रमाणे मनोगत बोलायला सांगितलं. मी ठरवून गेले होते. शपथेवर सांगते, ठरवून गेले होते. माईक हातात घेतला, समोर तीच सतरंजी, तीच माणसं, आणि तोंडातून शब्द बाहेर पडले — "त्या वेळच्या परिस्थितीमुळे मला शिकता आलं नाही." परिस्थिती! किती छान शब्द आहे नाही? सगळ्यांनी वळून परिस्थितीकडे पाहिलं. परिस्थिती मागच्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसली होती.

बाहेर पडताना बाबा रियाला जवळ घ्यायला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरकली. म्हणाली, "नानाजी, आपको तो आज आना ही नहीं चाहिए था." माझ्या पोरीनं. सगळ्यांसमोर. बाबा हसले, म्हणाले, "हव बेटा," आणि चपला शोधायला लागले.

इथे मात्र माझ्या आत काहीतरी तुटलं. आईला मी गमावून बसले होते. आता ही पोरगी उरलेली होती, आणि तीही तोच राग घेऊन मोठी होत होती — मी पेरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांकडे गेले. उन्हाळा सरून गेला होता, ते अंगणात कूलर धुऊन ठेवत होते. मी म्हटलं, बाबा, मी येत्या रविवारी विहारात सगळं खरं सांगणार आहे. त्यांनी वर पाहिलं नाही. "काहून? आता काय भेटते सांगून? तुह्यं कॉलेज लागून राहिलं, जाय ना सुखानं. मले सवय झाली."

मी विचारलं, तुम्ही आईला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगतलं असतं त तू तिच्या नजरेतून उतरली असती." मी म्हटलं, मी सांगणारच. त्यांनी फडकं पिळलं, तारेवर टाकलं, आणि मग अगदी हळू, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "सांगाचंच होतं त तुह्या आईले सांगाचं होतं."

राग नव्हता आवाजात. इतक्या वर्षांत मला ते एवढंच बोलले.

संध्याकाळी पोळ्या लाटताना रियाला आणि दिलीपला सांगितलं. लाटणं हातात होतं म्हणून सांगता आलं, त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. दिलीपनं गॅस बंद केला. मग म्हणाला, "लग्न झाल्यावर वर्षभर मी बाबासंग धड बोललो नाही. मले वाटे, कसा बाप हाय." आणि उठून अंगणात गेला. रिया रडली नाही. ती एकच वाक्य बोलली, "आपने मुझे उनसे लड़वाया, मम्मी." स्कूटीची चावी घेतली आणि नानाजींकडे निघून गेली. जेवायला आली नाही.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. ह्या वेळी परिस्थिती वगैरे म्हटलं नाही. बाबांनी मला परीक्षेला नेलं होतं, मी घाबरून आत गेले नाही, दोष बाबांवर ढकलला आणि आईलाही खरं सांगितलं नाही — एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायला नकोच होत्या. शशिकलामावशी आता फार थकल्या आहेत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तशाच बसून राहिल्या. बाबा वर छताकडे पाहत होते. त्यांना हे आवडलं नाही, हे मला कळत होतं. त्यांनी दिलेलं मी त्यांना न विचारता परत केलं होतं. घरी जाताना चार-पाच माणसं त्यांच्याबरोबर चालत गेली. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. ते बरोबरच होतं.

रिया अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. नानाजींकडे मात्र रोज जाते. ते तिला माझ्या आईच्या गोष्टी सांगतात म्हणे — लग्नानंतर पहिल्यांदा रायपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं, भाजीवालीशी खुणा करून बोलायची, आणि घरी येऊन दोघं हसत बसायची. ह्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. दोघं हसत बसायची, हेच माहीत नव्हतं.

काल मी हॉस्टेलची बॅग भरत होते. तिथे सगळ्या मुली रियाच्या वयाच्या असतील. मला दीदी म्हणतील की आंटी, कुणास ठाऊक. पुस्तकं जास्त झाली आणि बॅगेची चेन लागेना. रिया दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मैं अभी भी नाराज़ हूँ." मी म्हटलं, राहा. तिनं बॅगेवर गुडघा टेकवला, जोर लावून चेन लावून दिली, आणि गेली.

मी भित्री होते, खोटी होते, आणि माझ्या भित्रेपणापायी माझ्या आईबाबांचा संसार अबोल्यात गेला. मी डॉक्टर झाले तरी हे खरंच राहील, नाही झाले तरी खरंच राहील. परवा सकाळची गाडी आहे. मी जाते आहे.